पिसाचा मनोरा, मार्कंड्याचं मंदिर आणि खडूचा तुकडा



आमच्या सातवीच्या वर्गात मागच्या भिंतीवर एका जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलेलं आहे. त्यावर पिसाचा झुकता मनोरा आहे. कोणी लावलं ते आठवत नाही, पण पाच-सहा वर्षं तरी तिथंच आहे. सामान्यज्ञानाच्या तासाला "झुकता मनोरा कुठे आहे?" विचारलं की सगळा वर्ग ओरडतो, "इटली!" आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. मीही वळत होते.

मागच्या वर्षी एका मुलीनं उलटा प्रश्न केला. "मॅडम, पण हा मनोरा कायचा हाये? एकटाच काऊन उभा हाये?"

खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही. मनोरा वाकडा आहे हे माहीत होतं, कशाचा आहे हे कधी मनातच आलं नव्हतं. घरी जाऊन वाचलं आणि वाचता वाचता पिसाहून निघालेली मी आपल्या वैनगंगेच्या काठावर येऊन पोचले. पुढे या एका प्रश्नावर आम्ही वर्गात पाच तासिका घालवल्या. तो पाठ इथे मांडते आहे. तुमच्या वर्गात किंवा घरी, जसा जमेल तसा वापरा.

तर तो मनोरा एकटा नाही. तो घंटाघर आहे, आणि ज्या चर्चचं ते घंटाघर आहे ते चर्च त्याच्या शेजारीच उभं आहे. फोटो काढणारे लोक वाकड्या मनोऱ्यावरच कॅमेरा रोखतात, त्यामुळे चर्च चित्राच्या बाहेर राहतं. या चर्चचं काम सुरू झालं १०६३ च्या सुमारास. वास्तुविशारदाचं नाव बुस्केतो. चर्चच्या दर्शनी भिंतीवर कोरलेल्या लेखात त्याची स्तुती आहे, आणि १०६३ साली पिसाच्या आरमारानं सिसिलीतल्या पालेर्मोवर चढाई करून लूट आणली त्याचंही वर्णन आहे. त्या लुटीचा पैसा या बांधकामाला लागला. मुलांना हे सांगितलं की ती जरा गप्प होतात. देवाचं घर आणि लुटीचा पैसा हे एकत्र कसं, असा चेहरा करतात. तो प्रश्न तसाच राहू द्यावा, घाईनं उत्तर देऊ नये असं मला वाटतं.

मनोऱ्याचं काम बरंच नंतर, ११७३ मध्ये सुरू झालं. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचेपर्यंत तो एका बाजूला खचायला लागला होता. कारण पायाखालची जमीन मऊ, चिकणमाती आणि वाळूची. आपल्या मुलांना हे समजावायला काही करावं लागत नाही. रोवणीच्या वेळी बांधीतल्या चिखलात काठी उभी रोवून पाहा, म्हटलं की झालं. काम बंद पडलं आणि जवळजवळ शंभर वर्षं पिसाच्या लढायांमुळे बंदच राहिलं. गंमत अशी की या रखडण्यानंच मनोरा वाचला असं अभियंते म्हणतात, कारण तेवढ्या काळात खालची माती दाबून घट्ट झाली. १२७२ मध्ये काम पुन्हा सुरू झालं, तेव्हा गवंड्यांनी वरचे मजले सरळ करण्यासाठी एका बाजूला जरा उंच बांधले. म्हणून मनोरा नुसता वाकडा नाही, किंचित केळ्यासारखा वळलेला आहे. वर घंटांचा मजला चढायला १३७० च्या आसपासचा काळ उजाडला. म्हणजे खापरपणजोबानं सुरू केलेलं काम खापरपणतूच्याही पुढच्या पिढीनं पुरं केलं.

एकाच शतकातले शेजारी

आता फळ्यावर एक आडवी रेघ मारा आणि तिच्यावर इसवी सन १००० ते ११०० लिहा.

१०१० : तंजावरचं बृहदीश्वर मंदिर पूर्ण झालं. १०३० च्या सुमारास जर्मनीत श्पायर इथल्या मोठ्या चर्चचा पाया घातला गेला, आणि त्याच सुमाराला खजुराहोचं कंदरिया महादेव मंदिर उभं राहत होतं. १०६० : आपलं अंबरनाथचं शिवमंदिर. १०६३ : पिसाचं चर्च. १०९३ : इंग्लंडमधल्या डरहॅमच्या चर्चची पायाभरणी.

अंबरनाथचं साल मुलांकडूनच काढून घ्या. तिथल्या शिलालेखात शके ९८२ आहे. शकात ७८ मिळवायचे. ९८२ अधिक ७८, झाले १०६०. हे गणित करताना वर्गात एक छान गोष्ट घडली. एक मुलगा म्हणाला, "मंग पिसाच्या तीन वर्षं आंधीच आपलं झालं!" त्याच्या डोळ्यातला आनंद मला आवडला, पण मी त्याला म्हटलं, अरे ही शर्यत नव्हती. त्या गवंड्याला हा गवंडी माहीतही नव्हता. आपल्याला पाहायचं आहे ते असं, की एकाच काळात, हातात लोखंडी छिन्नी आणि समोर दगड, दोघांकडे जवळपास सारखंच सामान. मग इमारती एवढ्या वेगळ्या का झाल्या?

इथून खरा पाठ सुरू होतो.

खडू मोडून पाहा

प्रत्येक मुलाला खडूचा एक तुकडा द्या. आधी तो टेबलावर उभा धरून वरून अंगठ्यानं दाबायला सांगा. मोडत नाही. मग दोन्ही टोकं धरून वाकवायला सांगा. कट्! लगेच मोडतो.

दगडाचा स्वभाव असाच. दाबलं तर दगड प्रचंड वजन सोसतो, पण वाकवलं, ताणलं, तर लगेच हार मानतो. आडवी तुळई वजनानं जराशी वाकते तेव्हा तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा भाग ताणला जातो. लाकूड तो ताण सोसतं, म्हणून आपल्या कवेलूच्या घरात लांब सागवानी मयाल चालते. तेवढ्याच लांबीची दगडाची तुळई टाकली तर ती स्वतःच्याच वजनानं तडकेल. दगडी तुळई सुरक्षित राहते ती थोड्या अंतरावर, आठ-दहा फुटांच्या आसपास.

म्हणजे दगडात बांधणाऱ्या माणसापुढे जगात सगळीकडे एकच अडचण : दोन भिंतींमधली मोकळी जागा झाकायची कशी? याला दोन उत्तरं निघाली. युरोपातल्या त्या चर्चवाल्यांनी एक निवडलं, आपल्या मंदिरवाल्यांनी दुसरं.

पहिलं उत्तर : गोल कमान

त्या काळातल्या युरोपीय चर्चची ओळख म्हणजे अर्धगोल कमान, जाड भिंती, भक्कम खांब आणि छोट्या खिडक्या. या शैलीला 'रोमनेस्क' म्हणतात. सुरुवातीला अशा चर्चना लाकडी छत असायचं आणि ते वारंवार जळायचं. पिसाच्या चर्चच्या मधल्या दालनाला आजही लाकडीच छत आहे, आणि १५९५ मध्ये तिथे मोठी आग लागलीच होती. म्हणून मग ठिकठिकाणी छतही दगडाचं करायची धडपड सुरू झाली. एकामागे एक कमानी लावत गेलं की बोगद्यासारखं लांब छत होतं. आपल्या रेल्वेच्या जुन्या पुलांखालून गेलेल्या मुलांना हे लगेच कळतं.

कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला दाबतो, कोणीच ताणला जात नाही. म्हणजे दगडाला जे जमतं तेवढंच काम कमान त्याच्याकडून करून घेते. पण याची एक किंमत आहे, आणि ती समजण्यासाठी मुलांना उभं करा.

सारख्या उंचीची दोन मुलं समोरासमोर उभी करा. तळव्याला तळवा लावून दोघांनी एकमेकांच्या अंगावर झुकायचं आणि पाय हळूहळू मागे न्यायचे. झाली कमान. आता आणखी मागे. फरशी गुळगुळीत असेल तर पाय घसरायला लागतात. त्यांना विचारा, "तुला खाली दाब जाणवतो की मागे?" दोघंही म्हणतील, मागे. मग त्यांच्या टाचांमागे दोन धट्टीकट्टी मुलं बसवा. घसरणं थांबलं!

ती बसलेली मुलं म्हणजे रोमनेस्क चर्चच्या जाड भिंती. कमान भिंतीला बाहेर ढकलते, म्हणून भिंत जाड हवी. भिंतीला मोठं भोक पाडलं तर ती कमजोर होते, म्हणून खिडकी लहान. खिडकी लहान म्हणून आत अंधार. एका गोल कमानीपासून निघून आतल्या काळोखापर्यंत मुलं स्वतः पोचतात, आपण मध्ये फारसं बोलायचं नाही. (आमच्याकडे तिसऱ्या जोडीच्या वेळी सगळेच एकमेकांवर कोसळले आणि शेजारच्या वर्गातले सर पाहायला आले. सतरंजी अंथरून ठेवा.)

डरहॅमच्या चर्चमध्ये हा भक्कमपणा डोळ्यात भरतो. तिथले मधल्या दालनाचे गोल खांब सुमारे ६.६ मीटर घेराचे आहेत आणि उंचीही तेवढीच. आम्ही मैदानावर दोरीनं तेवढा घेर आखला आणि त्याभोवती हात पसरून मुलं उभी केली. पाच लागली. त्या खांबांवर नागमोडी रेषा आणि चौकटी कोरलेल्या आहेत, पण खांब खांबच वाटतो. १०९३ ला सुरू केलेलं हे काम ११३३ पर्यंत, चाळीस वर्षांत, छतासकट उरकलं. पिसाच्या मनोऱ्याच्या मानानं फारच झटपट!

दुसरं उत्तर : आडवी शिळा

आता आपल्याकडे या. आपल्या गवंड्यांनी, म्हणजे त्या काळच्या सूत्रधारांनी आणि शिल्पकारांनी, खांबावर आडवी तुळई ठेवायची पद्धत निवडली. तुळई लांब टाकता येत नाही, म्हणून खांब जवळजवळ. मंडपात शिरलं की खांबांची दाटी दिसते ती सजावटीसाठी नाही, ती दगडाच्या स्वभावामुळे आहे.

चार तुळयांचा चौकोन झाला की वर छत करायचं. तिथे एक सुंदर युक्ती दिसते. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर तिरप्या शिळा ठेवायच्या, की आत एक लहान, तिरपा चौकोन उरतो. त्याच्याही कोपऱ्यांवर पुन्हा तिरप्या शिळा. उघडी जागा लहान लहान होत जाते आणि शेवटी एका शिळेनं झाकली जाते. त्या शेवटच्या शिळेवर बहुतेक वेळा कमळ कोरलेलं असतं.

हे कागदावर करून घ्या. चौरस कागदाचे चारही कोपरे मध्यबिंदूकडे दुमडले की तिरपा चौरस मिळतो. त्याचं क्षेत्रफळ मूळच्या बरोबर निम्मं. पुन्हा दुमडा, पाव उरलं. दोन थरांत बाजूची लांबी अर्ध्यावर आली. आठ फुटांची मोकळी जागा दोन थरांत चार फुटांची, आणखी दोन थरांत दोन फुटांची. गणिताच्या शिक्षकांनी हा भाग घेतला तर फारच उत्तम.

शिखरासाठी दुसरी रीत आहे. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत न्यायचा, चारी बाजूंनी, वर टोकाला भेटेपर्यंत. हे सारख्या विटांनी दाखवता येतं. टेबलाच्या कडेवर विटा एकावर एक ठेवून सगळ्यात वरची वीट किती बाहेर नेता येईल? वरची वीट खालचीच्या अर्धी बाहेर, तिच्या खालची पाव, मग एक-षष्ठांश, मग एक-अष्टमांश. बेरीज करा : २५/२४. म्हणजे चार विटांत वरची वीट टेबलाच्या पूर्ण बाहेर जाते! गणितात चार विटांत जमतं, हातानं जमवायला मात्र पाचवी लागते, कारण अगदी काठावर नेली की वीट पडतेच. वह्या घेऊ नका, त्या वाकतात. मंदिराच्या शिखरात तर आत सरकवलेल्या प्रत्येक दगडाच्या मागच्या टोकावर वरच्या थरांचं वजन असतं, म्हणून तो पडायचा प्रश्नच नाही.

या रचनेत वजन सरळ खाली जातं, कोणी कोणाला बाहेर ढकलत नाही. म्हणून अशा कित्येक मंदिरांत चुनाही वापरलेला नाही. दगड इतके नेमके घासून, खाचा-खुंट्या करून बसवलेले, की नुसत्या वजनावर हजार वर्षं उभे.

इथे वर्गात एक प्रश्न हमखास येतो, आणि काही पुस्तकांतही वेगळ्या शब्दांत असतो : आपल्या लोकांना कमान माहीत नव्हती का? माहीत होती. उत्तर प्रदेशातल्या भीतरगावच्या गुप्तकाळातल्या विटांच्या मंदिरात खरी कमान आहे. मग मंदिरात का नाही वापरली? मला पटलेलं उत्तर असं : चर्चमध्ये शेकडो माणसं एकाच वेळी एका छताखाली प्रार्थनेला बसतात, म्हणून मोठं मोकळं दालन हवंच. आपलं मंदिर म्हणजे देवाचं घर. गाभारा देवापुरता. माणसं एकेक करून दर्शन घेणार, बाहेरून प्रदक्षिणा घालणार, आणि जत्रेची हजारोंची गर्दी उघड्या आवारात मावणार. आतली जागा मोठी करायची गरजच नव्हती. म्हणून आपल्या कारागिरांनी सगळं कसब बाहेरच्या भिंतींवर ओतलं, कारण माणूस फिरणार होता तो बाहेरून.

वैनगंगेच्या काठचं मार्कंडा

वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटवरून आपल्या तिरोड्याकडे येते, भंडाऱ्यातून खाली जाते आणि गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंडादेवला पोचते. मुलांना ही आपली नदी वाटते, म्हणून उदाहरणासाठी मी हे ठिकाण निवडलं. तिथे नदी उत्तरेकडे वळते, म्हणून त्या जागेचं महत्त्व आणि महाशिवरात्रीची जत्रा. एका तटाच्या आत लहानमोठ्या मंदिरांचा समूह आहे, त्यात मार्कंडऋषींचं मंदिर सगळ्यात मोठं. साधारण दहाव्या-अकराव्या शतकाच्या आसपासचं हे काम आहे असं अभ्यासक मानतात. लोक त्याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. मला स्वतःला हे 'अमक्याचं तमकं' म्हणणं आवडत नाही. मार्कंडा मार्कंडाच आहे.

आणि आता माझी चूक.

मार्कंड्याच्या मुख्य मंदिराचं शिखर आणि मंडप मोडलेले होते. कित्येक वर्षं मी वर्गात चित्र दाखवून सांगत आले, "शत्रूनं तोडलं." कोणी सांगितलं होतं मला? कोणीच नाही. जुनं मंदिर मोडकं दिसलं की हे वाक्य आपोआप तोंडून निघायचं. त्याच मुलीनं, मनोऱ्यावालीनं, विचारलं, "मॅडम, कोण्या सालात? कोन होता तो?" पुन्हा मी अडकले.

शोधलं तेव्हा कळलं की पुरातत्त्व खात्याचे अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात इकडे आले होते. त्यांच्या अहवालात या मंदिरांचं तपशीलवार वर्णन आहे. जुन्या नोंदी सांगतात की मुख्य मंदिरावर वीज पडली, शिखराचा वरचा भाग खाली मंडपावर कोसळला आणि मंडपाचं छत फुटलं. म्हणजे शत्रू वगैरे कोणी नाही. आभाळातली वीज.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सांगितलं, मी चुकीचं शिकवलं होतं. मुलांना फार काही वाटलं नाही, मलाच वाटलं. तेरा-चौदा वर्षांच्या नोकरीत किती तुकड्या हे वाक्य डोक्यात घेऊन बाहेर पडल्या असतील? एका न घडलेल्या हल्ल्याचा राग घेऊन? युद्धात मंदिरं फोडली गेल्याचीही उदाहरणं इतिहासात आहेत, आणि जिथे लेख, कागद, पुरावा आहे तिथे ते स्पष्ट सांगायलाच हवं. पण प्रत्येक मोडक्या भिंतीला तेच कारण चिकटवायचं नाही, असं मी आता स्वतःला बजावलं आहे.

इमारत पडायला कारणं किती तरी. इंग्लंडमध्ये विंचेस्टरच्या चर्चचा मधला मनोरा ११०७ मध्ये आपोआप कोसळला. फ्रान्समधलं क्लूनीचं चर्च एके काळी ख्रिस्ती जगातलं सगळ्यात मोठं. ते कोणा परक्यानं पाडलं नाही. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तिथल्याच लोकांनी ते खाणीसारखं फोडून दगड विकले. आज त्याचा थोडासाच भाग उभा आहे. पिसाच्या त्याच चौकातल्या दफनभूमीच्या इमारतीला १९४४ मध्ये महायुद्धाच्या तोफगोळ्यानं आग लागली. मी फळ्यावर वीज, आग, मऊ माती, बांधकामातली चूक, युद्ध, दगडचोरी, दुर्लक्ष अशी यादी लिहिली आणि मुलांना विचारलं, आपल्या गावातली पडकी विहीर, जुना वाडा, मामा तलावाची फुटलेली पाळ यातल्या कशामुळे? उत्तरं घरून विचारून आणायची. "आजोबाले विचारलं" म्हणून मुलं जी माहिती घेऊन आली, ती कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

दोन फसवी नावं

'हेमाडपंती' या शब्दाचंही असंच. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकातला. आणि अंबरनाथचं मंदिर १०६० चं. त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी उभं असलेलं मंदिर त्यानं कसं बांधलं? पण आपण बिनचुन्याचं, काळ्या दगडाचं जुनं मंदिर दिसलं की हेमाडपंती म्हणतो. एका रात्रीत बांधलं अशी कथाही सांगतो. कथा जरूर सांगा, मुलांना आवडते. फक्त ती कथा आहे हेही सांगा.

'रोमनेस्क' हे नावही असंच मागाहून दिलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या अभ्यासकांनी रोमन कमानींशी असलेलं साम्य पाहून ते ठेवलं. पश्चिमेकडचं रोमन साम्राज्य तर ४७६ मध्येच संपलं होतं. बुस्केतोला कोणी सांगितलं असतं की तू रोमनेस्क बांधतो आहेस, तर तो बघतच राहिला असता. नाव सोयीसाठी असतं, ते म्हणजे जन्मदाखला नव्हे. सातवीच्या मुलांना हे वाक्य बरोबर समजतं, कारण वर्गात अर्ध्या मुलांच्या दाखल्यावरची जन्मतारीख आणि घरची जन्मतारीख वेगळी असते!

पालकांसाठी, थोडं स्पष्ट

आपल्या भागात जुन्या देवळांवर प्रेम आहे, म्हणूनच एक भीती वाटते. वर्गणी गोळा होते आणि पहिला खर्च होतो तो ऑइलपेंटवर. दुसरा सिमेंटवर आणि तिसरा टाइल्सवर. भावना चांगलीच असते. पण दगड श्वास घेतो असं समजा. पावसाचं पाणी आत मुरतं आणि उन्हाळ्यात वाफ होऊन बाहेर पडतं. ऑइलपेंटनं ती वाट बंद होते, ओल आत अडकते आणि कोरीवकामाचे पापुद्रे निघायला लागतात. सिमेंट दगडापेक्षा कडक, त्यातले क्षारही दगडात उतरतात. नाकडोळे बुजलेल्या रंगीत मूर्ती तुम्ही पाहिल्याच असतील.

या चुका फक्त आपणच केल्या असं नाही. डरहॅमच्या बाहेरच्या भिंती झिजल्या म्हणून अठराव्या शतकाच्या शेवटी दगडाचा वरचा थर छिन्नीनं तासून टाकला गेला, आणि जुनं काम कायमचं गेलं. पिसाच्या मनोऱ्याच्या पायात १९३४ मध्ये सिमेंट भरलं, तर तो आणखी झुकला. शेवटी १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद केला आणि अकरा वर्षं काम चाललं. उपाय काय केला? मनोऱ्याला धक्काही न लावता, ज्या बाजूला तो उंच होता त्या बाजूच्या पायाखालची माती थोडी थोडी काढली. मनोरा आपल्या वजनानं सुमारे ४५ सेंटिमीटर मागे आला. पूर्ण सरळ करायचा नव्हताच.

मार्कंड्यालाही पुरातत्त्व खात्यानं अलीकडच्या वर्षांत मुख्य मंदिराच्या शिळा उतरवून पुन्हा रचण्याचं काम हाती घेतलेलं आहे. शिळा अशा सुट्या करता येतात त्या जुन्या कोरड्या बांधणीमुळेच. सिमेंट ओतलं असतं तर फोडावंच लागलं असतं.

मंदिर केंद्रीय संरक्षित स्मारक असेल तर १९५८ चा कायदा लागू होतो, आणि अशा स्मारकाच्या १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. गावकऱ्यांच्या बैठकीत हे सांगायला शिक्षकांनी कचरू नये. मी एकदा सांगितलं, दोघं-तिघं नाराज झाले. पण एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "मंग काय करावं, तेवढं सांगा." साध्या पाण्यानं हलक्या हातानं धुणं, भिंतीतून उगवलेला पिंपळ रोपटं असतानाच काढणं, आणि छतावर पाणी साचू न देणं, एवढं आपल्याला करता येतं. पिंपळाची मुळं जाड झाली असतील तर मात्र ओढू नका, दगड सुटून येतात. जाणकाराला बोलवा.

गोंदियाहून मार्कंडा सहलीला दूर पडतं. आम्ही आधी शहराजवळच्या नागऱ्याच्या जुन्या शिवमंदिरात जायचं ठरवलं आहे. महाशिवरात्रीची गर्दी टाळून, सकाळच्या वेळी, कारण तिरप्या उन्हात कोरीवकाम नीट दिसतं. प्रत्येक गटाकडे मोजपट्टी, दोरी, वही आणि एक प्रश्नपत्रिका. प्रश्न चारच : दोन खांबांमधलं अंतर किती? छत कसं झाकलं आहे? कुठे चुना किंवा सिमेंट दिसतं का, आणि ते जुनं वाटतं की नवं? काय मोडलं आहे, आणि ते कशामुळे हे आपल्याला कशावरून कळेल?

चौथ्या प्रश्नाला "माहीत नाही" हे उत्तर चालेल, त्याचेही गुण मिळतील, असं मी वर्गात जाहीर केलं आहे. त्यावर मागून आवाज आला, "मॅडम, मंग तुमीबी लिहा एक पेपर." लिहिणार आहे.